पणजोबांनी लढाईवरून पाठवलेल्या पत्रांतून घराण्याचा माग कसा काढावा?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घरात ट्रंकेत १९४२ ते ४५ मधली पत्रं निघाली. पणजोबा 'मराठा पलटणीत होते' एवढंच घरी ठाऊक आहे, आणि पत्रांत तर 'मी सुखरूप आहे, काळजी करू नये' याखेरीज काहीच नाही. मग यातून वंशावळ कशी लावायची?

पत्रांत बातमी नसणारच. ती सेन्सॉरच्या हाताखालून गेलेली. ठिकाण आणि पलटणीची हालचाल लिहायला बंदी होती. शिवाय बऱ्याच शिपायांना लिहिता येत नसे, लिहिता येणारा एखादा जण चारचौघांची पत्रं लिहून द्यायचा, म्हणून मजकूरही एकाच साच्यातला. अक्षर पणजोबांचं असेलच असं धरू नका. माझं सांगणं इतकंच की मधला मजकूर तूर्त बाजूला ठेवा आणि पाकीट, मायना व शेवटची नमस्कार-आशीर्वादांची रांग वाचा. आमचं घर सातारा जिल्ह्यातलं, पत्रं चुलत पणजोबांची, इटलीतून आलेली. घराण्याचं जे काही हाती लागलं ते बहुतेक त्या शेवटच्या चार ओळींतूनच.

त्या रांगेत कुणाला 'सा. न.' (साष्टांग नमस्कार) आहे आणि कुणाला 'आशीर्वाद', हे पाहिलं की नात्यातला थोर-धाकटा कळतो. लक्षात घ्या, नात्यातला, वयातला नव्हे. वयानं लहान चुलत्यालाही नमस्कारच जातो. नुसतं 'आबा', 'नाना' वाचून कोण कुणाचा हे ठरवता येत नाही, पण दहा पत्रांतल्या रांगा एकाखाली एक मांडल्या की पिढ्या आपोआप वेगळ्या होतात. आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि चुलते-मामे वगैरेंना 'तीर्थस्वरूप' लिहायची रीत आहे. लिहिणारा जाणकार असेल तर ती उपयोगी पडते. पलटणीतल्या लेखनिकानं ती पाळलीच असेल यावर मात्र मी भिस्त ठेवणार नाही.

सगळ्यात मोलाचं म्हणजे बाईच्या नावाआधीचं 'सौ.' किंवा 'गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा). आमच्या पत्रांत १९४३च्या पावसाळ्यापर्यंत 'सौ. काकीस नमस्कार' आहे आणि पुढच्या वर्षीच्या एका पत्रात एकदम 'गं. भा. काकीस सांगावे की बापूस शाळेतून काढू नये'. म्हणजे मधल्या काळात काका वारले आणि ती खबर इटलीपर्यंत पोचलेली होती. घरात सगळे समजत होते की हे काका प्लेगात गेले! दोन तारखांच्या मधला काळ हाती आल्यावर तहसील कार्यालयात गाव नमुना १४ची, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची, नक्कल मागितली. वर्ष सांगता येत नसेल तर अभिलेख कक्षातला कारकून कपाळाला आठ्या घालतो, पण 'अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत' म्हटलं की काम होतं. नोंद सापडली, कारण 'ताप'. त्याच्या पाठोपाठ वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावे झाली त्याची गाव नमुना ६ मधली नोंद. त्यात वारस म्हणून काकींचं नाव होतं, बापूचं नव्हतं. का, ते पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या फेरफारात उलगडलं. बापू शेजारच्या गावात दत्तक गेला होता. आडनाव बदललं, आमच्या वंशावळीतून नाव गेलं, पत्रात तेवढं राहिलं.

आता तारखा. बऱ्याच पत्रांवर मिती आणि शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शके १८६५ म्हणजे १९४३. पण माघ-फाल्गुनातलं पत्र असेल तर ७९ मिळवायचे, पौषातलं असेल तर पंचांग बघायचं. इथं वर्षाची चूक झाली की पुढचं सगळं घसरतं. म्हणून पाकिटावरच्या शिक्क्याशी ताडून पाहा.

पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबर हलणाऱ्या टपाल ऑफिसचा, नंबर आणि तारीख असते. कोणत्या नंबरचं ऑफिस कधी कुठं होतं याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी केलेल्या आहेत, त्यावरून देश नक्की ठरतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला शिपाई नंबर आणि बटालियन वेगळ्या कागदावर उतरवा. 'मराठा पलटण' हे घरातलं बोलणं झालं. प्रत्यक्षात माणूस खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेतले इंजिनिअर) किंवा १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्येही असू शकतो. मराठा लाइट इन्फंट्रीच निघाली तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. नंबरासकट अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केला तर बरं. पत्रं १९४२च्या जूनमध्ये अचानक थांबली असतील तर लिबियातल्या तोब्रुकचा विचार करा. पलटणीची दुसरी बटालियन तिथं कैद झाली. कैद्यांची कागदपत्रं जिनिव्हाला रेड क्रॉसच्या दप्तरात आहेत, अर्ज मात्र ठरावीक वेळीच घेतात.

घरातलं कुणी परतलंच नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. तिथं पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा, कधी बायकोचंही नाव असतं. गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, त्यामुळे नावानं न शोधता रेजिमेंट आणि जिल्ह्यानं शोधा. ज्यांचं दहन झालं त्यांची कबर नसते. इटलीत त्यांची नावं फोर्ली आणि सँग्रोच्या दहन-स्मारकांवर आहेत.

बहिणीला पाठवलेलं एखादं पत्र ट्रंकेत आहे का ते आवर्जून बघा (माहेरी वाचायला आणलेलं तिथंच राहतं). त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव, मु. पो., तालुका, सगळं असतं. जुन्या वंशावळीत मुलींना जागाच नसायची. लेकी कुठल्या गावी दिल्या हे सांगणारा दुसरा कागद सहसा मिळत नाही. मनीऑर्डरची कुपनंही फेकू नका, पैसे कुणाच्या नावे येत होते त्यावरून घरचा कारभार कुणाकडे होता ते कळतं.

आणि कृपा करून पत्रं लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, तिकिटं कापून घेऊ नका. 'फक्त पाकिटं द्या, पत्रं ठेवा' म्हणणारे संग्राहक भेटतील, त्यांना नाही म्हणा. मोडीतली पानं वेगळी काढा. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर मोडी वाचणारं माणूस मिळेल. तोवर एखाद्या पानाचा स्वच्छ फोटो इथं टाकलात तर मायना तरी मी वाचून देईन.