विज्ञानाच्या काळात ख्रिस्ती माणसाने स्वर्गावरचा विश्वास कसा टिकवावा?

दुर्बिणीतून स्वर्ग दिसत नाही म्हणून मन डळमळत असेल, तर ढगांपलीकडचा तो स्वर्ग बायबलचा नाहीच. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात, पवित्र नगरी खाली उतरते, देव माणसांत वस्तीला येतो, त्यांचे अश्रू पुसतो. या आशेचा पाया आहे येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मरणानंतर त्याचं पुन्हा जिवंत उठणं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्टच लिहिलं होतं: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. तेव्हा शंका घ्यायचीच तर तिथे घ्या, चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची पुस्तकं, नीट वाचून. आणि शंका आली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा म्हणाला. येशूने त्याला हाकललं नाही, हात पुढे केले. उपासना मात्र सोडू नका. तुमच्या तोंडून विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, निघत नाही त्या दिवशी शेजारचे तो म्हणत असतात.