गावाकडची जमीनही वकिलाला सांगा

अमेरिकेत चॅप्टर 7 ची, म्हणजे दिवाळखोरीची, केस करताना रोजचा संबंध बहुधा पॅरालीगलशीच, म्हणजे वकिलाच्या सहाय्यकाशीच, येतो. गेल्या 60 दिवसांच्या पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, जे मागतील ते लगेच द्या. पण 'चॅप्टर 7 की 13 (हप्त्यांनी कर्ज फेडायचा प्रकार)?' हे वकिलालाच विचारा. कायदेशीर सल्ला द्यायची पॅरालीगलला मुभा नसते.

आणि भारतातलं सगळं सांगा, अगदी सगळं: वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं. वर्षभरात भावाचे उसने फेडले असतील तर तेही, कारण ट्रस्टी (केसमधली मालमत्ता बघायला नेमलेला माणूस) ते त्याच्याकडून परत मागू शकतो. मी जमिनीचं उशिरा सांगितलं, तेव्हा अर्ज पुन्हा भरावे लागले. फार घाबरलो होतो. क्रेडिट कौन्सेलिंग (कर्जाबद्दलचं समुपदेशन) मात्र केस दाखल करण्याआधीच्या 180 दिवसांत उरका.