६५०२ प्रोसेसरच्या डिसअसेम्बलरला (मशीन कोड परत वाचता येतील अशा सूचनांमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) फंक्शनची सुरुवात नीट का सापडत नाही?

फक्त जेएसआरच्या (सबरूटीन बोलावणाऱ्या सूचनेच्या) टार्गेटला फंक्शन धरलंत, तर निम्मा कोड हातातून सुटणारच. कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरची रॉम घ्या. (पत्ते दशमान पद्धतीत देतोय.)

आधी ६५५३० ते ६५५३५ मधले तीन व्हेक्टर (प्रोसेसरने कुठे उडी मारायची ते सांगणारे पत्ते) वाचा: एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट), रिसेट, आयआरक्यू (साधा इंटरप्ट). या खात्रीच्या सुरुवाती.

खरी गंमत बेसिकच्या रॉममध्ये आहे. ४०९७२ पासून बेसिकच्या कमांडच्या पत्त्यांचा तक्ता आहे, पण त्यातला प्रत्येक पत्ता एकने कमी आहे. तो स्टॅकवर ढकलून आरटीएसने (सबरूटीनमधून परतण्याच्या सूचनेने) उडी मारतात आणि आरटीएस स्वतःच एक मिळवतं. लगेच पुढे, ४१०४२ पासून बेसिकच्या फंक्शनचा तक्ता, तिथे मात्र पत्ते सरळ आहेत. त्यामुळे तक्ता दिसला की एक मिळवायचा, असा सरसकट नियम करू नका. तक्ता वाचणारा कोड शेवटी आरटीएस करतो की जेएमपी (थेट उडी), ते बघून ठरवा.

दुसरी खोडी ४५६३७ वर. बाइट असे: १६२, १८, ४४, १६२, १४. वरून क्रमाने आलात तर ४४ म्हणजे बिट (BIT) ही सूचना, आणि ती पुढचे दोन बाइट गिळतं. ४५६४० वर थेट उडी मारली तर तेच दोन बाइट एलडीएक्स (एक्स रजिस्टरमध्ये किंमत भरण्याची सूचना) होतात. दोन्ही प्रवेश खरेच आहेत. एक बाइट एकाच सूचनेचा, हे गृहीतक डेटा स्ट्रक्चरमधूनच काढा, नाहीतर नंतर ठिगळं लावत बसाल.

७८८-७८९ या पत्त्यांवर कोणी स्थिर किंमत लिहीत असेल, तर तोही बहुधा इंटरप्ट रूटीनचा पत्ता. तो 'संभाव्य' म्हणून वेगळा ठेवा.