आतड्यातील गळू, पू आणि रेचक : चिनी वैद्यक अपेंडिसायटिसकडे कसे पाहते

पारंपरिक चिनी वैद्यक आणि अपेंडिक्सचा दाह या विषयावर आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. त्याआधी एक सूचना. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली सरकले असेल, भूक मेली असेल, मळमळ किंवा ताप असेल, चालताना अथवा खोकताना कळ येत असेल, तर हे वाचन बाजूला ठेवावे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

प्रश्न : प्राचीन चिनी वैद्यांना अपेंडिक्स हा अवयव माहीत नव्हता असे ऐकले. मग ते या आजारावर उपचार कशाच्या आधारे करीत? (नाशिक)

अभिजात चिनी वैद्यकात अपेंडिक्सला स्वतंत्र अवयव म्हणून स्थान नाही, हे खरे आहे. पाश्चात्त्य वैद्यकात शरीररचनाशास्त्रज्ञांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. तरीही पोटाच्या उजव्या खालच्या भागातील या जीवघेण्या दाहाचे मूळ त्यातच असते, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये ठामपणे मांडेपर्यंत बहुतेक डॉक्टर दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला देत असत. म्हणजे रोग ओळखता येणे आणि त्याची नेमकी जागा कळणे या दोन गोष्टींमध्ये तेथेही मोठे अंतर राहिले होते.

चिनी वैद्यांनी हा रोग ‘च्यांग योंग’, म्हणजे आतड्यातील गळू, या नावाखाली ओळखला. चीनमधील हान राजवटीच्या अखेरीस, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ‘जिन ग्वे याओ ल्युए’ या ग्रंथात त्याचे वर्णन येते. ओटीपोट सुजून कडक होते, दाबल्यास मूत्रविकारासारखी कळ येते, पण लघवी मात्र व्यवस्थित होते. वरचेवर ताप येतो, घाम फुटतो आणि पुन्हा थंडी वाजते. यातील ‘लघवी व्यवस्थित होते’ हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, कारण मूतखडा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अपेंडिक्सचा दाह यांत फरक करण्यासाठी आजचा डॉक्टरही तोच प्रश्न विचारतो. पुढील काळातील वैद्यांनी उजवा पाय पोटाशी आखडून घेणाऱ्या रुग्णाचा एक वेगळा प्रकार नोंदवला. अपेंडिक्समागील सोएस स्नायूला, म्हणजे कंबरेच्या मणक्यांपासून मांडीकडे जाणाऱ्या स्नायूला, दाह भिडला की पाय सरळ करताना दुखते, ही शल्यचिकित्सेतील परिचित खूण आहे.

कारणमीमांसा मात्र वेगळ्या भाषेतील आहे. आतड्यासारख्या पोकळ अवयवांचे आरोग्य त्यांच्या वाहते राहण्यावर अवलंबून असते, आणि जेथे वाहणे थांबते तेथे वेदना निर्माण होते, असे चिनी वैद्यक मानते. अनियमित व जड खाणे, जेवणानंतर जोराची धावपळ, मनाचा क्षोभ अशा कारणांनी आतड्यात ओलावा आणि उष्णता साठतात, ‘ची’, म्हणजे शरीरात वाहणारी जीवनशक्ती, आणि रक्त साकळते, उष्णतेने ते कुजते आणि पू होतो, अशी ती साखळी आहे. अपेंडिक्सची पोकळी मळाच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसिका-ऊतीने बंद होते आणि दाह सुरू होतो, हे आधुनिक स्पष्टीकरण ऐकल्यावर दोन्ही एकच आहेत असे वाटू शकते; परंतु चिनी ग्रंथांना अभिप्रेत असलेला अडथळा केवळ एका नळीतला नसून ची आणि रक्त यांच्या अभिसरणातला आहे, म्हणून ही तुलना फार ताणू नये.

प्रश्न : या आजारावर चिनी वैद्य नेमकी कोणती औषधे देतात? त्यातील काही आपल्याकडे मिळत असतील तर सुरुवातीला घरी घेऊन पाहण्यास हरकत आहे का? (सांगली)

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : हरकत आहे, आणि गंभीर हरकत आहे. तिचे कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेले आहे.

झांग झोंगजिंग यांचा प्रसिद्ध काढा ‘दा ह्वांग मू दान थांग’ या नावाने ओळखला जातो. त्यात पाच द्रव्ये आहेत : रेवंदचिनी, पिओनीच्या मुळाची साल, पीचच्या बियांतील गर, कोहळ्याच्या बिया आणि सोडियम सल्फेट हा क्षार. यांपैकी रेवंदचिनी आणि हा क्षार दोन्ही रेचक आहेत. रेवंदचिनीत सोनामुखीतील सेनोसाइड वर्गाचीच द्रव्ये असतात, तर क्षार आतड्यात पाणी ओढून मळ पातळ करतो. साठलेली उष्णता जुलाबावाटे खाली उतरवावी आणि साकळलेले रक्त मोकळे करावे, हा काढ्याचा हेतू.

मात्र त्याच ग्रंथात एक इशारा आहे. नाडी मंद व ताणलेली असेल तर पू अजून झालेला नाही, रेचन करता येईल. नाडी उसळती व जलद असेल तर पू झाला आहे, रेचन करू नये. हा इशारा संपतो तेथेच लगेच रेचक काढ्याचे नाव येत असल्यामुळे तो नेमका कोणत्या अवस्थेसाठी सांगितला आहे, यावर नंतरच्या भाष्यकारांनी बराच खल केला. पू झाल्यावरच्या किंवा रेंगाळलेल्या अवस्थेसाठी ग्रंथात दुसरे औषध येते. त्यात ‘यी यी’ या तृणधान्याचे दाणे, ‘बायज्यांग’ ही वनस्पती आणि संस्कारित ‘फूझी’ असते. फूझी ही आपल्या बचनागाच्याच कुळातील वनस्पती असून नीट शोधन न झाल्यास ती हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते.

पू झाला आहे की नाही यावर उपचार ठरवावा, हा या परंपरेतील सर्वांत खोल विचार आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही व्रणशोथ, म्हणजे गळवाची सूज, आम (कच्ची) आहे की पक्व (पिकलेली), हे ओळखण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि अंतर्विद्रधीचे, म्हणजे शरीराच्या आत होणाऱ्या गळवाचे, विवेचन आहे. हा निर्णय त्या काळी नाडीवरून आणि स्पर्शावरून घ्यावा लागे. आज सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन पुष्कळ अधिक खात्रीने दाखवतात की अपेंडिक्स नुसते सुजले आहे, फुटले आहे की भोवती गळू झाले आहे. ही माहिती हाताशी नसताना घरच्या घरी रेचक घेणे म्हणजे ग्रंथातील काढा उचलून ग्रंथातील इशारा टाकून देणे होय. सुजलेल्या, ताणलेल्या अपेंडिक्सवर रेचकामुळे आतड्याच्या जोरदार आकुंचनांचा भार पडून ते फुटण्याचा धोका असतो. हेच एरंडेलाला लागू आहे. पोट साफ झाले की बरे वाटेल म्हणून एरंडेल देणे, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, असे प्रकार अजूनही अनेक घरांत घडतात. पोटात तीव्र दुखत असताना ते कृपया टाळावेत. दुखणे एकाएकी थांबले म्हणूनही निर्धास्त होऊ नये. अपेंडिक्स फुटल्यावर ताण उतरून काही काळ बरे वाटते आणि नंतर पू पोटभर पसरतो.

प्रश्न : एका अमेरिकी पत्रकाराची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया चीनमध्ये भूल न देता, केवळ सुया टोचून झाली होती, हे खरे आहे काय? (पुणे)

नाही. जेम्स रेस्टन हे ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ पत्रकार जुलै 1971 मध्ये चीनमध्ये असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला आणि पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, त्यांचे अपेंडिक्स काढण्यात आले. शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने, भुलीचे इंजेक्शन देऊन झाली. त्यानंतर पोटात अस्वस्थता आणि फुगारा जाणवू लागला, तेव्हा तेथील अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञाने त्यांच्या उजव्या कोपराजवळ आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि पोटाजवळ औषधी वनस्पतीची धुमसती कांडी धरली. त्यांना आराम पडला. हे सारे त्यांनी 26 जुलै 1971 च्या अंकात स्वतःच लिहिले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले, अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरविषयी कुतूहल उसळले, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या या उपचाराची गोष्ट सांगता सांगता सुयांनी केलेल्या शस्त्रक्रियेची गोष्ट झाली.

रेस्टन यांच्या अनुभवाला पुरावा म्हणता येणार नाही, कारण शस्त्रक्रियेनंतरचा फुगारा बहुधा आपोआपही ओसरतो. तरीही त्या प्रसंगातील कामाची वाटणी मला योग्य वाटते : रोगग्रस्त अवयव शल्यचिकित्सकाने काढला आणि सुयांनी नंतरचा त्रास हलका करण्याचा प्रयत्न केला. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो, यासाठी पुरावा आहे असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने 1997 मध्ये मान्य केले होते.

प्रश्न : गुडघ्याखालचा एक बिंदू दाबून अपेंडिसायटिसचे निदान होते, असे अ‍ॅक्युपंक्चर शिकलेल्या एका परिचितांनी सांगितले. (कोल्हापूर)

त्यांना ‘लानवेई’ हा बिंदू अभिप्रेत असावा. नडगीच्या बाहेरच्या बाजूला ‘झू सान ली’ या प्रसिद्ध बिंदूच्या थोडा खाली तो मानला जातो आणि अपेंडिसायटिसच्या रुग्णात तो हुळहुळा होतो, असे चिनी पाठ्यपुस्तके सांगतात. तेथे दुखते म्हणून रोग आहे किंवा दुखत नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढू नये. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि अनेक जाणकार चिकित्सक काम करीत आहेत. अशा रुग्णाला वेळेवर शल्यचिकित्सकाकडे धाडणे हेही त्यांच्या जाणकारीचेच लक्षण समजावे.

प्रश्न : चीनमध्ये शस्त्रक्रिया न करता काढ्यांनी हजारो रुग्ण बरे झाल्याचे सांगतात. ते कितपत ग्राह्य धरावे? (ठाणे)

यामागे एक गंभीर प्रयत्न आहे. 1960 च्या दशकात तियानजिनच्या नानकाई रुग्णालयात वू श्यानझोंग या शल्यचिकित्सकाच्या नेतृत्वाखाली पोटाच्या तातडीच्या विकारांवर चिनी आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या एकत्रित उपचारांचे काम उभे राहिले. अपेंडिसायटिसच्या साकळण्याच्या, उष्णता साठण्याच्या आणि विषारी उष्णतेच्या अशा तीन अवस्था मानून प्रत्येकीसाठी वेगळा काढा ठरवण्यात आला. रेवंदचिनी आणि पिओनीच्या जोडीला हनीसकलची फुले आणि डँडेलियन या वनौषधी आल्या. हे काम रुग्णालयात, शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली चालले होते, हे विसरू नये.

परिणामांचा अर्थ लावताना दोन अडचणी येतात. सौम्य अपेंडिसायटिस काही रुग्णांत स्वतःहूनही शमतो, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर श्रेय काढ्याला द्यावे की निसर्गाला, हे ठरत नाही. शिवाय काढ्यांबरोबर अनेकदा प्रतिजैविकेही दिलेली असतात, आणि ती एकटीही काम करतात. फिनलंडमध्ये 530 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, गुंतागुंत नसलेल्या अपेंडिसायटिससाठी केवळ प्रतिजैविके मिळालेल्यांपैकी सुमारे 39 टक्के रुग्णांना पाच वर्षांत आजार पुन्हा झाला. म्हणजेच बहुसंख्यांना त्या काळात शस्त्रक्रिया लागली नाही. अमेरिकेतील 1552 रुग्णांच्या चाचणीत प्रतिजैविके घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांची शस्त्रक्रिया 90 दिवसांच्या आत करावी लागली, आणि अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण 41 टक्के होते. इतक्या काटेकोर मोठ्या चाचण्यांचे बळ काढ्यांच्या पाठीशी नाही. शस्त्रक्रियेविना उपचार ही कल्पना चिनी शल्यचिकित्सकांनी लवकर आणि गांभीर्याने हाताळली, एवढे श्रेय मी त्यांना मोकळ्या मनाने देईन. आज असा उपचार निवडायचा झाल्यास तो स्कॅन झाल्यावर, प्रतिजैविकांनी आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली व्हावा.

प्रश्न : माझा मुलगा चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तेथे असे दुखणे उद्भवल्यास त्याला काढेच दिले जातील का? (लातूर)

तशी चिंता नसावी. चीनमधील मोठ्या रुग्णालयांत रक्ततपासणी, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि आवश्यक तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया हाच प्रचलित मार्ग आहे. पारंपरिक औषध दिले तर बहुधा जोडीला, अनेकदा आतड्याची हालचाल पूर्ववत व्हावी म्हणून शस्त्रक्रियेनंतर दिले जाते. मुलाने आपल्या औषधांच्या अ‍ॅलर्जीची नोंद चिनी भाषेत लिहून जवळ ठेवावी, विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात कोणते रुग्णालय येते हे आधीच विचारून ठेवावे, आणि दुखणे सुरू झाल्यावर कोणतेही वेदनाशामक, रेचक किंवा वनौषधी घेतली असल्यास ती वेळेसह डॉक्टरांना सांगावी.