'ओतप्रोत'मध्ये ओतलं काय?

प्रश्न असा आलाय: 'ओतप्रोत भरलेला' यातलं 'ओत' हे 'ओतणे'मधलंच का? आणि तसं असेल तर 'प्रोत' कुठून आलं?

'ओतणे'शी याचा काडीचाही संबंध नाही. हा जोडशब्द थेट मागावरून उतरलेला आहे. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे. त्याचं रूप 'उत', म्हणजे विणलेलं. त्याच्या आधी 'आ' लागला की ओत, 'प्र' लागला की प्रोत.

बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? पाणी वायूत, वायू अंतरिक्षात, अशी ती थेट ब्रह्मलोकापर्यंत जाते. शेवटी याज्ञवल्क्यच तिला थांबवतो. तिथे ओतण्या-भरण्याची गोष्टच नाही, एकात एक विणलं जाण्याची आहे. शांकरभाष्यात ओत म्हणजे कापडातला लांबीचा धागा, प्रोत म्हणजे आडवा, असं सांगून पुढे 'किंवा उलट' म्हटलंय. मागावर बसणाऱ्याला हे 'किंवा उलट' काही पटायचं नाही! लांबीचा धागा म्हणजे ताणा. तो आधी ताणून बसवायचा, फणीच्या घरांतून ओढून घ्यायचा. फणीच्या घासण्याने तुटू नये म्हणून बऱ्याचदा त्याला खळही द्यावी लागते. आडवा तो बाणा. धोट्यातून (आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातून) मोकळा येतो, त्याच्यावर तेवढा ताण नसतो, म्हणून मऊ, कमी पिळाचं सूतही चालतं. एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही.

गीतेत मात्र (७.७) एकटा 'प्रोत' येतो, 'सूत्रे मणिगणा इव', आणि तिथे अर्थ ओवलेलं असा आहे. तेव्हा ओत-प्रोतची उभ्या-आडव्यात वाटणी कायमची पक्की होती असं समजू नये. जाता जाता, 'ताणा'च्या मुळाशी असलेल्या 'तन्'वरूनच 'तंत्र' आलं. त्याचाही जुना अर्थ माग किंवा ताणा.

आता वापराचं. 'उत्साहाने ओतप्रोत' रूढ आहे, मला त्यात काही खटकत नाही. 'लेखन करुणेने ओतप्रोत आहे' हे तर अगदी नेमकं. काही विणींत बाणा इतका दाटून ठोकतात की ताणा पूर्ण झाकला जातो, तरी कापडाच्या प्रत्येक बोटभर जागेत तो असतोच. उपसून काढला तर कापडच राहत नाही. करुणा तशी मुरलेली असेल तर खुशाल ओतप्रोत म्हणा. पण 'हंडा पाण्याने ओतप्रोत भरला' असं कुणी लिहिलं तर मी तिथे 'काठोकाठ' करीन. हंड्यातलं पाणी ओतून टाकता येतं, हंडा जिथल्या तिथे राहतो.