पतसंस्थेतल्या प्रॉक्सी सर्व्हरला आमचे नेमके काय काय दिसते?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की निपाणीच्या ज्या सौहार्द सहकारी संस्थेत आपण नोकरीला आहात तिथल्या सर्व संगणकांचे इंटरनेट आता एका प्रॉक्सी सर्व्हरमधून जाते. त्या सर्व्हरची नोंदवही आपल्याला पाहायला मिळाली, तेव्हा थोड्या ओळींत पानापर्यंतचा पूर्ण पत्ता आणि बाकी बहुतेक ओळींत नुसते संकेतस्थळाचे नाव व पुढे ४४३ हा आकडा आढळला. हा फरक कशामुळे, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड व्यवस्थापकांना वाचता येतो का, असे आपण विचारले आहे.

बेळगावात उद्यमबागेतल्या काही कारखान्यांची आणि पतसंस्थांची नेटवर्क मी सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. पासवर्डचे आधी सांगतो. साध्या प्रॉक्सीला तो वाचता येत नाही. मात्र आपल्या संगणकात संस्थेने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर संगणक संकेतस्थळांची ओळखपत्रे खरी मानतो ते) बसवले असेल, तर वाचता येऊ शकतो. आपण पाहिलेल्या नोंदींवरून आपल्याकडे पहिलाच प्रकार असावा असे वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

एचटीटीपी, म्हणजे एन्क्रिप्शन (मजकूर किल्लीशिवाय वाचता न येईल असा करणे) नसलेल्या वाहतुकीत प्रॉक्सी हा संभाषणातला पूर्ण सहभागी असतो. प्रॉक्सी नसताना ब्राउझर संकेतस्थळाच्या सर्व्हरशी थेट जोडणी करतो आणि ‘अमुक पान द्या’ एवढेच म्हणतो. प्रॉक्सी असताना तो जोडणी प्रॉक्सीशी करतो (स्क्विड या प्रचलित प्रॉक्सीत त्यासाठी बहुधा ३१२८ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार, असते) आणि विनंतीत संकेतस्थळाच्या नावासह संपूर्ण पत्ता लिहितो. प्रॉक्सी ती विनंती वाचतो, नाव शोधून मूळ सर्व्हरशी स्वतःची वेगळी जोडणी उघडतो, विनंतीवरच्या माहितीत आपल्या वतीने एखाद-दुसरी ओळ घालतो आणि आलेले उत्तर आपल्याकडे पाठवतो. तहसीलदार कचेरीबाहेर कन्नड अर्ज लिहून देणाऱ्याला जसा आपल्या अर्जाचा मजकूर कळल्याशिवाय राहत नाही, तसेच हे आहे. पानाचा पत्ता, कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी), अर्जात भरलेली माहिती, पासवर्ड, सारे त्याच्या हातून उघडे जाते. नोंदवहीत मात्र यातले सगळेच उतरत नाही. अर्जात भरलेला मजकूर स्क्विड सहसा नोंदवत नाही, आणि पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भागही मुळातल्या मांडणीत गाळतो. पण ती मांडणी बदलणे एका ओळीचे काम आहे, त्यामुळे नोंदवहीत दिसले नाही म्हणून प्रॉक्सीला कळले नाही, असे समजू नये.

उघड्या वाहतुकीचा फायदाही होता. एकाच कार्यालयातल्या दहा जणांनी तेच चित्र मागितले, तर प्रॉक्सी ते एकदा आणून साठवून ठेवी आणि पुढच्या नऊ जणांना आपल्याजवळचे देई. मूळ सर्व्हरने साठवण्यास मनाई केली नसेल एवढीच अट. स्क्विड १९९६ च्या सुमारास आकाराला आला तो मुख्यतः याच कामासाठी, कारण तेव्हा जोडणी संथ आणि महाग होती. आज या साठवणीचा उपयोग फार उरलेला नाही. उबंटूसारख्या प्रणालींची अद्ययावत पॅकेजे बऱ्याचदा अजून एचटीटीपीने येतात, कारण त्यांची सत्यता वेगळ्या डिजिटल स्वाक्षरीने तपासली जाते. तिथे ती साठवण कामी येते. आपल्याला पूर्ण पत्त्याच्या ज्या थोड्या ओळी दिसल्या, त्यांतल्या काही कोणी मुद्दाम न उघडलेल्याही असतील. एखादे प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, हे संगणक पार्श्वभूमीत तपासतो आणि ती तपासणी सहसा साध्या एचटीटीपीनेच होते.

आता ४४३ च्या ओळींकडे वळू. एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्शन असलेले संकेतस्थळ उघडताना ब्राउझर प्रॉक्सीकडे पान मागतच नाही. तो ‘कनेक्ट’ नावाची वेगळी विनंती करतो, जिचा अर्थ एवढाच, की या नावाच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत मला जोडून द्या. प्रॉक्सी परवानगी तपासतो, त्या सर्व्हरशी जोडणी उघडतो, ‘२००, जोडणी झाली’ असे कळवतो आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी येणारे बाइट जसेच्या तसे पलीकडे ढकलत राहतो. टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची) बोलणी, प्रमाणपत्राची तपासणी आणि किल्ली ठरवणे हे सर्व आपला ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातच होते. प्रॉक्सीकडे ती किल्ली कधीच येत नाही. म्हणून नोंदवहीत पानाचा पत्ता नसतो, साठवणही होत नाही; स्क्विडमध्ये तर ती ओळ जोडणी बंद झाल्यावरच लिहिली जाते आणि तिच्यात किती वेळ जोडणी चालली व किती बाइट आले, एवढेच असते. सकाळी उघडलेल्या संकेतस्थळाची नोंद दुपारच्या वेळेने दिसते, ती यामुळेच.

कनेक्टची परवानगी सरसकट देऊ नये, हेही इथेच नोंदवतो. प्रॉक्सी आतले काही पाहत नसल्याने ४४३ सोडून इतर पोर्टही मोकळे ठेवले, तर कोणीही त्यातून पोर्ट २५ गाठून स्पॅम मेल पाठवू शकतो. म्हणूनच स्क्विडच्या मूळ मांडणीत ४४३ शिवायच्या पोर्टांना कनेक्टची मनाई असते. घाईत बसवलेल्या प्रॉक्सींमध्ये हीच ओळ कोणीतरी काढून टाकलेली असते.

एन्क्रिप्शन आहे म्हणजे काहीच कळत नाही, असे मात्र नाही. आपल्या भागातलेच उदाहरण घेतो. निपाणीच्या संस्थेचा एखादा कर्जदार असा असतो, ज्याची काही जमीन कर्नाटकात आणि काही कागल किंवा गडहिंग्लजच्या हद्दीत असते, त्यामुळे कर्मचारी एका तासात कर्नाटकचे ‘भूमी’ आणि महाराष्ट्राचे ‘महाभूलेख’ अशी दोन्ही संकेतस्थळे उघडतो. ती एचटीटीपीएसने उघडली, तर कोणत्या गावाचा, कोणत्या सर्व्हे नंबरचा वा गट नंबरचा उतारा पाहिला, हे प्रॉक्सीला कळत नाही; पण कोणत्या संगणकाने कोणत्या राज्याचे संकेतस्थळ किती वाजता उघडले आणि साधारण किती माहिती उतरवली, हे कळते. शिवाय ब्राउझर ते प्रॉक्सी हा टप्पा बहुतेक ठिकाणी एन्क्रिप्ट केलेला नसतो, म्हणजे कनेक्टच्या ओळीतले संकेतस्थळाचे नाव कार्यालयाच्या नेटवर्कवर उघडेच फिरते. प्रॉक्सीसाठी नाव आणि पासवर्ड मागितला जात असेल आणि ती ‘बेसिक’ पद्धत असेल, तर तो पासवर्डही वाचता येण्याजोगाच असतो. तो अन्य कोठेही वापरू नये.

जिथे ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरलेला नसतो आणि राउटरच वाहतूक गुपचूप प्रॉक्सीकडे वळवतो, तिथे कनेक्टची विनंती येत नाही. तिथे प्रॉक्सीला टीएलएसच्या पहिल्या संदेशात उघडे लिहिलेले संकेतस्थळाचे नाव पाहून काम भागवावे लागते. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्रही एन्क्रिप्ट होऊन जाते, तरी हे नाव सहसा उघडेच राहते. तेही झाकण्याची सोय आता येऊ लागली आहे.

राहिला दुसरा प्रकार, ज्यात प्रॉक्सी एचटीटीपीएसही उलगडून पाहतो. स्क्विडमध्ये याला ‘बंप’ म्हणतात. यात प्रॉक्सी बँकेच्या सर्व्हरशी स्वतः टीएलएस जोडणी करतो आणि आपल्या ब्राउझरला बँकेच्या नावाचे, पण स्वतः सही केलेले प्रमाणपत्र दाखवतो. संस्थेचे मूळ प्रमाणपत्र संगणकात विश्वासार्ह म्हणून आधीच बसवलेले असेल, तर ब्राउझर तक्रार करत नाही. दोन एन्क्रिप्टेड जोडण्या असतात आणि त्यांच्या मध्ये, प्रॉक्सीच्या स्मृतीत, सारा मजकूर उघडा असतो. असा प्रॉक्सी नोंदवहीत एचटीटीपीएस पानांचेही पूर्ण पत्ते लिहितो. आपल्या नोंदवहीत ते नव्हते, म्हणून माझा अंदाज पहिल्या प्रकाराकडे झुकतो.

लहान संस्थांनी बंप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या किल्लीने ही प्रमाणपत्रे तयार होतात ती प्रॉक्सीतच ठेवावी लागते, आणि ती चोरीला गेली, तर चोर त्या कार्यालयातल्या संगणकांपुढे कोणत्याही बँकेचे सोंग घेऊ शकतो. शिवाय मूळ सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची ब्राउझरची जबाबदारी प्रॉक्सीवर येते. तो ती ढिलाईने पार पाडत असेल, तर कर्मचाऱ्याला कधीच कळत नाही. आणि एवढे करूनही अनेक मोबाइल ॲप ही व्यवस्था नाकारतातच, कारण अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने बसवलेले मूळ प्रमाणपत्र ॲप आपोआप मान्य करत नाहीत. मग अपवादांची यादी वाढत जाते. ठरावीक संकेतस्थळे रोखायची असतील, तर कनेक्टमधल्या नावावरून ती रोखता येतात. त्यात अडचण एकच, की ‘हे संकेतस्थळ संस्थेने बंद केले आहे’ हे प्रॉक्सीचे पान ब्राउझर दाखवत नाही, क्रोममध्ये टनेल (कनेक्टने प्रॉक्सीतून उघडलेली वाट) जोडणी अयशस्वी झाल्याचा कोरडा संदेश येतो आणि कर्मचारी नेट बंद पडले म्हणून फोन करतात. तो फोन घेणे मला परवडते.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे, हे व्यवस्थापकांना न विचारताही पाहता येते. बँकेचे संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा आणि प्रमाणपत्र कोणी दिले, ते वाचा. मग एखाद्या बातम्यांच्या आणि एखाद्या मेलच्या संकेतस्थळाचेही तसेच पाहा. डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशी वेगवेगळी नावे दिसली, तर प्रॉक्सी मजकूर उलगडत नाही. सगळीकडे एकच नाव, तेही संस्थेचे किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचे असेल, तर उलगडतो. काही अँटीव्हायरसही आपल्याच संगणकात हेच करतात, त्यामुळे ते नाव अँटीव्हायरसचे निघाले, तर दोष प्रॉक्सीचा नाही. ही तपासणी बँकेच्या संकेतस्थळावर अवश्य करा, कारण बंप चालू असूनही बँकांना त्यातून वगळण्याची पद्धत आहे.