हबक्कूकपासून सुरू कर

बघ भावा, विश्वासात नवीन आलायस तर चर्चमध्ये कुणाला किती वचनं पाठ आहेत हे बघत बसू नको. बायबलातलं हबक्कूकचं पुस्तक काढ, 3च अध्याय आहेत, एका बसणीत होतंय वाचून. देशातला अन्याय बघून हा संदेष्टा थेट देवालाच विचारतोय, किती दिवस हाक मारू, तू ऐकत का नाहीस? म्हणजे असं विचारलं की विश्वास कमी, असं काय नाही.

मग 2:4, म्हणजे दुसऱ्या अध्यायातलं चौथं वचन बघ, एकीकडं फुगलेला माणूस, ज्याचं मन सरळ नाही, आणि दुसरीकडं नीतिमान, जो विश्वासानं जगतो. प्रेषित पौलानं हेच आपल्या पत्रांत, रोमकरांस 1:17 आणि गलतीकरांस 3:11 मध्ये घेतलंय.

तिसऱ्या अध्यायात तर अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी तो म्हणतोय मी परमेश्वरात आनंद करीन. आपल्या बेळगावकडं खानापूरला भात आडवं पडलं किंवा चिकोडीकडं उसाचं बिल अडकलं की हे लगेच समजतंय, पण मला विचारशील तर खरी परीक्षा चांगल्या वर्षी असते, बिल जमा झालं, नवीन ट्रॅक्टर दारात आला की प्रार्थनेत हळूच 'मी केलं' घुसतंय. लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, तसाच, आठवड्यातून दोनदा उपास, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग, सगळा हिशोब देवाला सांगत उभा, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो करवसुली करणारा.

प्रार्थना मराठीत कर, कन्नडमध्ये कर, दोनच वाक्यं आली तरी चालतंय, फक्त बाजूच्याला ऐकू जावं म्हणून प्रार्थना लांबवू नको.